बोट नांगरली, आता किनाऱ्यावर कसं जायचं? (मुंबई ते गोवा, शिडाच्या बोटीने)

शिडाच्या बोटीने मुंबईहून गोव्याला निघालेल्या लोकांचे प्रश्न सगळे समुद्राबद्दल असतात, लाटा किती, वारा किती, रात्री ट्रॉलर दिसतात का, उलट्या होतात का. किनाऱ्यावर कसं उतरायचं हे कोणी विचारतच नाही कारण ते सोपं वाटतं. समोर गाव दिसतंय, देवळाचा कळस दिसतोय, टपरीवर चहा उकळत असणार हे इथूनच कळतंय, मग काय, डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) टाकली पाण्यात आणि गेलो. माझा अनुभव बरोबर उलटा. मित्राच्या तीस फुटी बोटीवर पाच-सहा हिवाळे खलाशीगिरी केली त्यात आमची जी काय फजिती झाली, भिजलेले मोबाईल, फुटलेली अंडी, कापलेले तळपाय, ती जवळपास सगळी बोट आणि किनारा यांच्या मधल्या दोनशे मीटरात झाली. खोल समुद्राने आम्हाला काही केलं नाही.

तर हे लिहितोय ते त्या दोनशे मीटरांबद्दल, आणि मग किनाऱ्यावर गेल्यावर काय भरायचं काय बघायचं त्याबद्दल.

आधी रूट थोडक्यात. मुंबई ते गोव्यातलं आग्वाद साधारण सव्वादोनशे नॉटिकल मैल. दिवसा चालायचं आणि संध्याकाळी नांगरायचं असं ठरवलं तर मुरूड, हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे टप्पे पडतात, सगळ्यात लांबचा पहिलाच, मुंबई ते मुरूड चाळीसेक मैल, आणि सगळ्यात छोटा विजयदुर्ग ते देवगड दहा-बारा मैल. सीझन नोव्हेंबर ते मार्च धरा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की कोळी बोटी बाहेर काढतात हे खरं आहे पण ती त्यांची बोट आणि त्यांचा जन्म, आपण ऑगस्टात शीड उभारायचं नाही.

प्रत्येक टप्प्यावर खरेदी करायला जाऊ नका. खरेदी तीनच ठिकाणी, हर्णै, रत्नागिरी, मालवण. बाकी ठिकाणी हात हलवत उतरा आणि फिरा. आणि मुंबईहून निघताना बोट वाण्याच्या दुकानासारखी भरू नका हो. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेई ही शिडाची बोट घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले तेव्हा अख्ख्या वाटेत चारच ठिकाणी थांबले होते, फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन. आपल्याला रोज संध्याकाळी एक बंदर मिळतंय तरी आपण मॅगीची चाळीस पाकिटं घेऊन निघतो.

आधी तिथी बघा

बोटीवर कालनिर्णय टांगून ठेवा, चेष्टा नाही करत. भरतीचे ॲप असतात, सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची पुस्तकंही निघतात, ती बघाच, पण मोबाईलला रेंज नसली की कोकणातला जुना हिशोब कामाला येतो. तिथीला पाऊणपट करा, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, दुपारी बारा आणि रात्री बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बारा. पंचमीला पावणेचार. अर्ध्या तासाचा इकडेतिकडे फरक पडतो, आणि दक्षिणेला जाल तशी भरती मुंबईच्या थोडी आधी येते, गोव्यात साधारण तासभर आधी, तेवढं धरून चाला.

आता हा हिशोब किनाऱ्यावर उतरायला कसा लावायचा ते सांगतो, कारण हेच कोणी सांगत नाही. एकादशी ते त्रयोदशी असली तर भरती सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या मध्ये पूर्ण होते. याच्यासारखे दिवस नाहीत. सात-साडेसातला चढत्या पाण्यावर आत गेलात की डिंगी धक्क्याच्या पायरीला लागते, दोन-तीन तास गावात काढले तरी परत निघताना पाणी असतं. अष्टमीला सहाला उजाडायच्या आधीच तयार राहून जायचं आणि नऊच्या आत परत, मात्र तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, म्हणून थोडा उशीर झाला तरी खपून जातं. चतुर्थी-पंचमी असली तर सकाळी नऊ-दहाला पाणी पार सुकलेलं असतं, खाडीतल्या गावांमध्ये तर नुसता चिखल, अशा दिवशी मोठ्या खोल जेटीवरच जा नाहीतर बोटीवर बसून कांदेपोहे खा.

उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीला, मुंबई-अलिबागकडे पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, म्हणजे दीड मजला. मालवण-गोव्याकडे हेच दोन-सव्वादोन मीटर. त्यामुळे उत्तरेकडे ज्या चुका महागात पडतात त्या दक्षिणेकडे माफ होतात, आणि आपण प्रवास उत्तरेकडून सुरू करतो, म्हणजे नवशिके असताना पेपर अवघड.

आमचं मुरूडला काय झालं ते ऐका. पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस, दुपारी दीडच्या सुमाराला मस्त भरतीवर डिंगी वाळूवर ओढली, झाडाला बांधली, जेवायला गेलो, सुरमई खाल्ली, एक डुलकी पण काढली. साडेपाचला येऊन बघतो तर समुद्र गायब. म्हणजे होता, पण कुठे, दीडेकशे मीटर लांब आणि मध्ये ओली वाळू आणि गाळ. रबरी डिंगी, त्यावर इंजिन, त्यात दोन पाण्याचे कॅन. अर्ध्या वाटेवर एकाची चप्पल गाळात राहिली ती अजून तिथेच असेल. अंधार पडता पडता बोटीवर पोचलो आणि त्या दिवसापासून नियम केला की निघायच्या आधी परतीची वेळ मार्करने हातावर लिहायची. मोबाईलच्या रिमाइंडरवर नाही, हातावर, कारण मोबाईल वॉटरप्रूफ पाउचमध्ये असतो आणि पाउच बॅगेत.

मग वारा

शाळेत खारे वारे मतलई वारे पाठ केले होते ते इथे कामाला येतात. हिवाळ्यात रात्री आणि सकाळी जमिनीकडून हलका वारा, तो मतलई, त्यात किनाऱ्याजवळचं पाणी तेलासारखं सपाट. अकरा-बाराला वारा पडतो, आणि मग वायव्येकडून खारा वारा सुरू होतो तो तीन-चारला चांगला पंधरा नॉटपर्यंत जातो, सूर्य बुडाला की हळूहळू उतरतो. म्हणजे डिंगीने यायचं-जायचं ते सकाळी अकराच्या आत. दुपारच्या वाऱ्यात उघड्या किनाऱ्यावर आडव्यातिडव्या लाटा असतात, अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन आणि सामानाने भरलेली डिंगी, पाणी आत येतंच येतं. आणि दुपारचा वारा ही बोट चालवायची वेळ आहे, दक्षिणेला जाताना तो पाठीवर मिळतो, तो बाजारात भाजी निवडण्यात कशाला घालवायचा? सकाळी किनारा, दुपारी शीड, एवढं जमलं की ट्रिप जमली. तिथी आणि वारा जुळत नसेल त्या दिवशी खरेदी रद्द, सरळ पुढच्या बंदरावर. उपाशी कोणी मरत नाही.

बोट सोडून जाताना

नांगर टाकताना आत्ताचं पाणी मोजू नका, भरतीचं मोजा. समजा ओहोटीला तुमच्याखाली ३ मीटर आहे, उधाण आहे तर वर ४ मीटर चढणार, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यापासून १ मीटर उंच, झाले ८ मीटर. साखळी असेल तर पाचपट, ४० मीटर सोडा. नुसता दोर असेल तर सातपट. लोक ओहोटीला येऊन पंधरा मीटर सोडतात आणि गावात जातात, भरतीला नांगर उचलला जातो आणि बोट आपली आपली फिरायला निघते. नांगर टाकल्यावर इंजिन रिव्हर्स घेऊन ओढून बघा, अर्धा तास थांबा, समोरचं देऊळ आणि माड एका रेषेत धरा आणि ती रेषा हलत नाही ना बघा, मगच डिंगी सोडा.

आणि एक माणूस बोटीवर राहणारच, याच्यावर चर्चा नाही. आम्ही पाळी लावतो. जो राहतो त्याला व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६ (संकटात हाक मारायचा) चालू ठेवायचा, बोट हलली तर साखळी सोडायची किंवा इंजिन चालू करायचं एवढं यायलाच पाहिजे. ज्याला इंजिन चालू करता येत नाही त्याला एकट्याला ठेवून जाणं म्हणजे बोट एकटी ठेवण्यासारखंच आहे.

नांगरायची जागा निवडताना डोलजाळीचे (एका जागी बांधून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्याचे) खुंट, बोये, रात्री लागणारे मिणमिणते दिवे यांच्यापासून लांब राहा, रायगडच्या बाजूला खाड्यांच्या तोंडाशी हे फार. शंका आली तर जवळच्या होडीवाल्याला हाक मारून विचारा. एकदम सरळ विचारलं तर लोक सरळ सांगतात, आणि जाळं फाडलंत तर त्याचे पैसे द्यायचे, तिथे हुज्जत घालायची नाही, ते त्याचं दुकान आहे.

कागद. बोटीची नोंदणी, विमा, कोण कोण आहे त्याची यादी, सगळ्यांची ओळखपत्रं, एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि हा फोल्डर किनाऱ्यावर जाताना बरोबर. २६/११ नंतर किनाऱ्यावर अनोळखी बोट दिसली की चौकशी होते आणि व्हायलाच पाहिजे. आम्ही बंदर खात्याच्या ऑफिसात नाहीतर सागरी पोलिसांकडे आपणहून जाऊन सांगतो की आम्ही अमुक, इथून आलो, उद्या इतक्या वाजता निघणार. दहा मिनिटं जातात आणि कधी कधी चहा मिळतो. परदेशातला मित्र बरोबर असेल आणि त्याच्याकडे सॅटेलाइट फोन असेल तर आधीच सांगा, आपल्याकडे परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. बाहेरच्या झेंड्याच्या बोटीला तर आधी मुंबई किंवा मुरगावसारख्या बंदरात कस्टम-इमिग्रेशन करावं लागतं, वाटेल त्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) उतरता येत नाही. कोस्ट गार्डचा १५५४ आणि नेहमीचे ११२, १०८ हे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये.

डिंगीत बसणं, पुळणीवर उतरणं

डिंगीत लाइफ जॅकेट घालायचंच, पन्नास मीटर का असेना. वल्ही दोन, इंजिन कितीही नवीन असो. एक छोटा नांगर आणि वीस मीटर दोर. टॉर्च, कारण परतायला उशीर होणारच. इंजिनच्या किल स्विचची (माणूस पाण्यात पडला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला. चौघं आणि सामान एका फेरीत न्यायचा मोह होतो, दोन फेऱ्या करा.

धक्का असेल तर धक्काच घ्या. पण कुठे बांधायची ते विचारून. मालवणला आम्ही एकदा मस्त मोकळी जागा बघून डिंगी लावली, वरून एक आजोबा म्हणाले, "हय लावू नकात, ट्रॉलर येतलो, थय मागे लावा." दहा मिनिटांत खरंच ट्रॉलर आला आणि बरोबर तिथेच लागला, डिंगीचा पापड झाला असता. धक्क्याला बांधताना दोर लांब ठेवा. आखूड बांधली आणि पाणी चार मीटर उतरलं की डिंगी हवेत लटकते, सगळं सामान समुद्रात, आणि पाणी चढत असेल तर धक्क्याच्या खालच्या फळ्यांमध्ये अडकून दबते. पायऱ्यांवर शेवाळ असतं, हात धरायला काही मिळेपर्यंत उभं राहायचं नाही.

पुळणीवर उतरायचं असेल तर आधी लाटांच्या बाहेर थांबून पाच मिनिटं नुसतं बघा. लाटा झुंडीने येतात, चार-पाच मोठ्या आणि मग थोडी शांतता. त्या शांततेत, एका लाटेच्या मागे मागे, तिला न ओलांडता आत जायचं. गुडघाभर पाणी आलं की इंजिन बंद आणि वर उचला, सगळ्यांनी उतरून दोन्ही बाजूंनी धरून ओढायचं. डिंगी आणि किनारा यांच्या मध्ये कोणी उभं राहायचं नाही, मागून लाट आली की भरलेली डिंगी पोटऱ्यांवर येते. लाट कमरेएवढी फुटत असेल तर उतरूच नका, बोटीवरून गाव छान दिसतं.

वाळूवर ओढल्यावर जिथे वाळलेलं शेवाळ, शिंपले, थर्माकोलचे तुकडे यांची ओळ दिसते ती मागच्या भरतीची रेषा, तिच्या वर न्या. खडक असतील तर अनवाणी नाही, रबरी चप्पल पण नाही, पट्ट्याचे फ्लोटर. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि जखम चिघळते. वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला, वाळूखाली पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) बसलेला असला तर तो आधीच सरकतो. आणि किनाऱ्यावर मासळी वाळत घातलेली असते तिच्यावरून जायचं नाही, सेल्फी काढायला तर अजिबात नाही.

काय भरायचं

पाणी पहिलं. प्यायला आणि रांधायला मिळून माणशी दिवसाला चार लिटर धरा. चौघं, तीन दिवस, अठ्ठेचाळीस लिटर, वर एक दिवसाचं जास्त. वीस लिटरचा जार दुकानात स्वस्त पडतो पण डिंगीतून बोटीवर चढवताना कळतं तो काय आहे ते, म्हणून रिकामे दहा लिटरचे कॅन बरोबर न्या आणि त्यात ओतून घ्या. गावातल्या विहिरीवर नाहीतर नळावर भरायचं असेल तर विचारून, मार्चमध्ये तर दोनदा विचारून, कोकणात पाऊस कितीही पडो, मार्चनंतर पाण्याची ओढ असते. ते पाणी उकळूनच प्या.

डिझेल. बंदरावर पंप दिसतो तो बहुतेक वेळा मच्छीमार सोसायटीचा असतो, तो त्यांच्या बोटींसाठी, आपल्याला मिळत नाही आणि मागूही नये. रस्त्यावरच्या पंपावरून कॅनमध्ये आणायचं, रिक्षा करून. एका गावात (नाव नाही घेत) आणलेल्या डिझेलमध्ये पाणी निघालं आणि इंजिन नेमकं खाडीच्या तोंडाशी बंद पडलं, शीड होतं म्हणून वाचलो. तेव्हापासून जाळीच्या नरसाळ्यातून गाळून घेतो आणि थोडं पारदर्शक बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवून बघतो, पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर बरा.

बर्फ मच्छी बंदरावर मिळतो, लादीच घ्या, चुरा नको, लादी दोन दिवस टिकते. गोणपाटात गुंडाळा. हा बर्फ मासे ठेवायला बनवतात, कोकम सरबतात टाकायला नाही.

मासळीचं म्हणाल तर हर्णैचा लिलाव बघायला जाच. बोटी बाहेर उभ्या, छोट्या होड्या आणि बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी किनाऱ्यावर आणतात, टोपल्यांचे ढीग आणि आरडाओरडा. पण लिलावात बोली लावायला जाऊ नका, चौघांना काय पाटीभर बांगडे करायचेत? बाजूला बायका बसतात त्यांच्याकडून वाटा घ्या. "मावशी, आजचे आहेत ना?" असं विचारलं तर मावशी चिडतात, कल्ला उचलून लाल आहे का बघा आणि गप्प पैसे द्या. त्या दिवशी खाल तेवढीच घ्या.

टिकणाऱ्या वस्तूंसाठी कोकणातल्या घराकडे बघा, तिथे फ्रिज यायच्या आधी पावसाळ्याचे चार महिने काढायची सगळी अक्कल आहे. लाल भोपळा, अख्खा, जाळीत टांगलेला, महिनाभर काही होत नाही. न सोललेले नारळ. सीझन असेल तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची वेणी, ती केबिनमध्ये टांगली की बोट हलताना डोक्याला लागते पण कांदा सडत नाही. आमसुलं. जाडे पोहे. कुळथाचं पीठ, हे दोन किलो घ्या, वारा वाढलाय, बोट कलंडलीये, रांधायला कोणी तयार नाही अशा वेळी एका भांड्यात पिठी आणि भात, पंधरा मिनिटांत सगळे माणसात येतात. सुकट, जवळा हवाबंद डब्यात, खरंच हवाबंद, नाहीतर गोव्यापर्यंत उशीला वास येतो. मालवणला खाजा, शेंगदाण्याचे लाडू, रात्रीच्या पहाऱ्याला. टोमॅटो अर्धे कच्चे, केळी हिरवी, मिरचीचे देठ काढून, कोथिंबीर पेपरात. अंडी बाजूच्या खिशात नाही, डिंगीत कोणाच्या तरी मांडीवर.

पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच सोडा. दुकानातल्या खोक्यांतून झुरळं येतात आणि बोटीवर आलेलं झुरळ आपल्या आधी गोवा बघतं. पिशव्या कापडी, आत प्लास्टिक. तोंडं बांधलेली. डिंगीत जड सामान खाली मध्यभागी, पाणी आधी, भाजी शेवटी.

पैसे रोख ठेवा, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. फोनवरून पैसे सगळीकडे घेतात पण रेंज गेली की मावशी तुमच्याकडे आणि तुम्ही टॉवरकडे बघत बसता. मोठी खरेदी, औषधं, स्पेअर पार्ट, दवाखाना असलं काही असेल तर रत्नागिरी, मिरकरवाडा किंवा भगवती बंदरावरून रिक्षा करून गाव गाठता येतं. विजयदुर्गला छोटी दुकानं आहेत, तिथे गरजेपुरतंच. कचरा परत येताना नाही, जाताना न्यायचा असतो, आणि गावात टाकायचाच असेल तर डबा कुठेय ते विचारून.

काय बघायचं

२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यातले चार तुमच्या वाटेवर आहेत, खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग समुद्रातच आणि विजयदुर्ग किनाऱ्याला लागून, तीन बाजूंनी पाणी. ते रस्त्याने जाऊन बघणं वेगळं आणि ज्या बाजूने आंग्र्यांची गलबतं यायची त्या बाजूने येऊन बघणं वेगळं.

जंजिऱ्याला स्वतःच्या डिंगीने दरवाज्याशी जायच्या भानगडीत पडू नका, पायऱ्यांवर पाणी उसळत असतं. राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात त्यातून जा, आणि ते नाखवे ते जुनं शीड कसं फिरवतात ते नीट बघा, आपल्या तीस फुटीवर शिडाचे दोर ओढायचे सहा विंच आणि चार माणसं असताना आपल्याला तेवढं जमत नाही. कलाल बांगडी तोफ सगळे बघतात, आतली गोड्या पाण्याची तळी पण बघा. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये ते हिरवंगार गोडं.

सुवर्णदुर्गाला नांगर किल्ला आणि हर्णै यांच्या मध्ये, सकाळी डिंगीने पूर्वेच्या छोट्या वाळूवर, गुडघाभर पाण्यात उतरायची तयारी ठेवून. दरवाज्याच्या पायरीवर कासव कोरलंय, भिंतीवर मारुती. आत झाडी माजलेली असते, फुल पँट घाला.

विजयदुर्ग माझा सगळ्यात आवडता, कारण वाघोटन खाडीत शिरलं की लाटा संपतात आणि पहिल्यांदा नीट झोप लागते. शिरताना किल्ल्याच्या पश्चिमेकडून लांबून वळा, तिथे पाण्याखाली बुडालेली भिंत आहे, ती शत्रूच्या जहाजांसाठी घातलेली असं सांगतात, आपल्या बोटीला ती शत्रू-मित्र विचारणार नाही. आत धक्का किल्ल्याला लागूनच. वेळ असेल तर गिर्ये गावाकडे खडकात खोदलेली जुनी आरमारी गोदी बघून या, भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचं, ओहोटीला दुरुस्ती करायची. त्यांना पण शेवटी तिथीच मोजायला लागत होती.

मालवण सुंदर आणि डेंजर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला खडकच खडक, त्यात सकाळी पश्चिमेकडून आलात तर ऊन समोरून डोळ्यात, खडक दिसतच नाहीत. ऊन डोक्यावर किंवा पाठीवर असताना, म्हणजे बारा-एकनंतर शिरा, ही एकच जागा जिथे मी सकाळचा नियम मोडायला सांगीन, आणि पहिल्यांदा जात असाल तर सरळ तिथल्या गाबीत (मच्छीमार समाजातल्या) होडीवाल्याला पैसे देऊन पुढे वाट दाखवायला घ्या. नांगर वाळूत टाका, प्रवाळावर नाही, ते सागरी अभयारण्य आहे. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आणि महाराजांच्या हातापायाचे ठसे. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास असाल तर सकाळी सहाच्या ओहोटीला दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगडाकडे चालत जाता येतं, जाताना गावातल्या कोणाला तरी विचारून जा आणि पाणी फिरलं की लगेच मागे.

पुढे वेंगुर्ल्याला रात्री पोचायचा बेत करू नका, बाहेर वेंगुर्ला रॉक्स आहेत, दीपगृह आहे पण खडक पण आहेत. समुद्रातल्या कुठल्याही किल्ल्यावर मुक्काम नाही, आणि ड्रोन परवानगीशिवाय नाही.

परत बोटीवर

धक्क्यावरून निघायच्या आधी डोकी मोजा, एकजण हमखास पान खायला गेलेला असतो. बोटीच्या मागच्या बाजूने या, आधी बोटीवरच्या माणसाने दोर पकडायचा, मग इंजिन बंद, मग एक माणूस वर, मग सामान, मग बाकीचे. उभं राहून पिशव्या फेकायच्या नाहीत, आमची दोन डझन अंडी अशीच जयगडच्या खाडीत गेली. फळंभाज्या गोड्या पाण्यात एकदा बुचकळून पुसून ठेवा. डिंगी वर घ्या, मागे बांधून ओढत नेऊ नका, दुपारच्या वाऱ्यात ती उलटते आणि इंजिन पाण्यात जातं. पाय धुवायला डेकवर बादली आधीच भरून ठेवायला बोटीवरच्या माणसाला सांगून गेलेलं बरं, कोकणातला तो काळा गाळ एकदा केबिनच्या गादीला लागला की गोव्यापर्यंत निघत नाही.